चौदा नंबरचं शीट

१

बुधवारी दुपारी सायखेडकर प्रतिष्ठानात अमोनियाचा वास सुटला आणि गुरुवारी सकाळी चौदा नंबरचं शीट गायब झाल्याचं कळलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही. वासाचा संबंध त्यांनी परस्पर भुताशी जोडून टाकला होता.

त्याचं असं आहे. पूर्वी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे पारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईनं काढत आणि त्यांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर छापत. डोळ्यांतून पाणी काढणारा वास. सायखेडकरांचं छपाईचं यंत्र वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलं. मग भर दुपारी तो वास आला कुठून? शिपाई सहादूचं उत्तर तयार होतं. "दादा आले."

दादा म्हणजे आर्किटेक्ट रघुवीर सायखेडकर. नाशकात ज्या इमारतींपुढे माणूस क्षणभर थांबतो, त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या. उतारवयात त्यांनी गंगापूर रोडवरच्या आपल्या बंगल्यात प्रतिष्ठान काढलं. खाली, जिथे पूर्वी त्यांचं ऑफिस होतं तिथे, चित्रांची प्रदर्शनं, व्याख्यानं, गाण्याच्या बैठका. वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी मृणालिनी, तीच आता अध्यक्ष. दादांना जाऊन सहा वर्षं झाली. नव्वदाव्या जयंतीला त्यांच्या आयुष्याचा कसून शोध घेणारं पुस्तक काढायचं ठरलं आणि जुने नकाशे वाचणारं माणूस हवं म्हणून मला बोलावलं.

मी प्रतिभा कोठावदे. वय सहासष्ट, सरकारी कचेरीतली निवृत्त अनुरेखक. अनुरेखक म्हणजे मूळ नकाशावर ट्रेसिंग पसरून रेघ जशीच्या तशी उतरवणारी बाई. दिसेल तेवढंच उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. या एका गुणावर मी एकतीस वर्षं पगार घेतला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण पुसलेली रेघ पुरती जात नाही, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

गुरुवारी मी पोचले तेव्हा व्यवस्थापक ललित भामरे दारातच उभा होता. एरवी हा माणूस फोनवरून डोकं वर काढत नाही.

"मॅडम, पंचवटीच्या वाचनालयाच्या सेटमधलं एक शीट नाहीये. बावीस होती, एकवीस आहेत."

"कुठलं नाही?" मी विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर मला आधीच ठाऊक होतं.

"चौदा."

आत दिवाणखान्यात ऊदाचा धूर कोंडला होता. सहादू दादांच्या मोठ्या फोटोखाली हात जोडून उभा होता. मी वर पाहिलं. फोटो जागेवरच टांगलेला होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"काल दुपारपून असाच हाय," सहादू पुटपुटला. "दादांनी तोंड फिरवलं, बाई."

"मग सरळ करायचा ना."

ललित एमबीए झालेला, टाय लावणारा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी नाही हात लावला."

२

चौदा नंबर म्हणजे वाचनालयाच्या दर्शनी पोर्चचा नकाशा. १९८६ साली दिवाळीच्या तोंडावर त्या पोर्चच्या स्लॅबखालचे टेकू काढले आणि अख्खा स्लॅब खाली आला. खाली फळ्या उचलणाऱ्या मालनबाई जागच्या जागी गेल्या. चौकशीत निघालं, की नकाशात पोर्चला मधला खांबच नव्हता. शीटवर ड्राफ्ट्समनचं नाव होतं, फकिरा गांगुर्डे. दादांनी सांगितलं, मी खांब सांगितला होता, याच्याकडून काढायचा राहिला. साइटवरची प्रत ढिगाऱ्यात गेली, असं कंत्राटदार म्हणाला. त्यालाही तेच सोयीचं होतं.

फकिरांची नोकरी गेली. नंतर नाशकातल्या एकाही आर्किटेक्टनं त्यांना दारात उभं केलं नाही. ज्याच्या हाताची रेघ बघायला कॉलेजची पोरं यायची, तो माणूस सातपूरच्या एका कारखान्यात पिंपं ढकलत म्हातारा झाला आणि २००३ साली वारला.

त्यांची मुलगी छाया महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. पुस्तकाची बातमी वाचून तिनं प्रतिष्ठानला पत्र लिहिलं. पत्र लहान होतं. 'वडिलांनी खांब काढला होता. तो नंतर कुणीतरी ब्लेडनं खरवडला. शीट उजेडापुढे धरून बघा. माझी आई नवसाबाई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या देखत एवढं एक पान खरं छापा.'

विश्वस्तांनी ठरवलं, शनिवारी अकराला बैठक, सगळ्यांसमोर शीट उजेडात धरायचं. काही दिसलं नाही तर पुस्तकात जुनाच मजकूर जाईल, 'ड्राफ्ट्समनच्या नजरचुकीने एका मजुराचा मृत्यू'. त्या मजकुरात मालनबाईंचं नावसुद्धा नव्हतं. आणि आता शीटच नव्हतं.

नकाशे स्कॅन करायचं काम तेजलकडे होतं. नुकतीच आर्किटेक्ट झालेली मुलगी. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"मंगळवारी तेरापर्यंत झाली होती, मॅडम. चौदा आज घेणार होते. मी स्वतः गुंडाळून नळीत ठेवली सगळी."

"कशी गुंडाळलीस?"

"नेहमीसारखीच. शाईची बाजू आत. शाई घासायला नको म्हणून."

कॉलेजात आता हे कुणी शिकवत नसावं. मी पत्र्याची नळी घेतली, झाकण काढलं, शीटं बाहेर ओढली. एकवीसच्या एकवीस शीटं शाईची बाजू बाहेर करून गुंडाळलेली होती. जुन्या ड्राफ्ट्समनची हीच पद्धत. शाई बाहेर ठेवून गुंडाळलं की शीट टेबलावर पसरल्यावर त्याच्या कडा खाली दबतात, वर उसळत नाहीत. चोरानं शीट काढलं, उरलेली परत गुंडाळली आणि गुंडाळताना हाताला जुनी सवय आठवली. म्हणजे चोर नकाशाच्या टेबलाशी बसून शिकलेला होता.

मी हे कुणाला बोलले नाही. ललितला वेगळीच घाई झाली होती.

"सरळ आहे मॅडम. गांगुर्डे बाई काल दुपारी इथे येऊन अर्धा तास बसल्या होत्या. त्यांनीच नेलं."

"स्वतःच्या बापाचा पुरावा ती कशाला चोरेल?"

"पुरावा आहे हे कुणी पाहिलंय? उजेडात धरलं आणि काहीच दिसलं नाही तर? शीट नसलेलंच बरं ना त्यांना. मग जन्मभर म्हणता येतं, आमचा खांब होता." त्यानं फोन खिशात टाकला. "शनिवारी बैठक झाली की मी पोलिसात तक्रार देणार. नावानिशी."

माणूस मूर्ख नव्हता, हेच वाईट होतं. त्याच शीटपायी बाप गेला होता, आता मुलीची पाळी आली होती. आणि माझ्या हातात दोन दिवस होते.

३

सहादू मागच्या पायरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. मखमलाबादचा माणूस, घरी फुलांचा मळा. वयाच्या विसाव्या वर्षी दादांकडे लागला तो चिकटलाच. अमोनियाचं यंत्र तोच चालवायचा. शीटं कशी गुंडाळायची हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं आणि नकाशांच्या कपाटाची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला, कुणाच्याही हाताशी.

"सहादूभाऊ, वास कुठून येत होता?"

"वरून. जिन्यातून खाली उतरत व्हता. त्या गांगुर्डे बाईला म्या च्या दिला तवा ती खोकायला लागली, लय खोकली. म्या म्हनलं, दादा आले."

"तुम्ही वर जाऊन नाही बघितलं?"

"गुडघे पाहा माझे. दोन साल झाले, जिना चढलो नाय."

मी त्याच्या शेजारी बसले. मी फकिरांचं नाव काढलं. तो तेलाची बाटली बंद करत बोलायला लागला.

"देवमाणूस. हात असा की कागदाला कळू नये. सगळ्यांना शिकवायचा, हातचं राखून नाय. मृणालताई सुट्टीत हापिसात यायच्या, त्यांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचा." त्यानं आवाज खाली आणला. "बाई, एक सांगू? हसाल तुम्ही. पोर्च पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. फकिराला चौकीत बसवून ठेवलेलं. हापिसात कुणी नाय. आतल्या खोलीचं दार लोटलेलं अन् आतून आवाज येतोय. खर्र, खर्र. ब्लेडनं कागद खरवडल्यावानी. मला वाटलं, दादा हायेत. च्या घेऊन वळतो, तर दादा व्हरांड्यात बसलेले, डोकं धरून."

"मग आत कोण होतं?"

"आत कोण असनार? मालनबाई." त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "तवापून म्या या घरात एकला थांबत नाय."

मला हसू आलं नाही.

गच्चीचा जिना वरच्या मजल्यावरून जातो. मृणालताईंच्या दारासमोरून जाताना त्यांनी हाक मारली. साठीच्या, शांत, गाणाऱ्या बाई. तानपुरा कोपऱ्यात गवसणीत उभा होता. त्यांनी चहा ठेवला. मी तेरा नंबरचं शीट बरोबर आणलं होतं, ते उलगडायला घेतलं. त्यांनी दोन्ही कप टेबलावरून उचलून खाली फरशीवर ठेवले, पदराला तळवे पुसले आणि मग समोर बसल्या.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, प्रतिभाताई. मी गाण्यातली. बाबांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, वाचनालयाची नळी टाकू नकोस. मी टाकली नाही."

"छायाबाईंवर तक्रार द्यायची म्हणतोय ललित."

त्यांनी खाली बघितलं. "तो म्हणतो, प्रतिष्ठानच्या नावासाठी करावं लागेल." त्यांचा आवाज चहात बुडाल्यासारखा झाला होता.

गच्चीवर ऊन रणरणत होतं. धुळीनं माखलेल्या फरशीवर एक लांब चौकोन स्वच्छ होता. पाण्याच्या टाकीला प्रदर्शनाच्या टेबलाची जाड काच टेकवलेली होती आणि टाकीमागे झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा. मी झाकण उघडलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

भूत सापडलं होतं. यंत्र नसेल तर उन्हात प्रत काढतात, ही त्याहून जुनी पद्धत. खाली अमोनियाचा कागद, वर ट्रेसिंग, त्यावर काच. दोन-तीन मिनिटं ऊन द्यायचं आणि मग कागद डब्यात वाफेवर धरायचा.

पण प्रत कशाला? प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोन फक्त वरवरचं टिपतो. ऊन मात्र कागदाच्या आरपार जातं आणि खरवडलेल्या जागी कागदात मुरून राहिलेली शाई प्रतीवर फिकट उमटते. ड्राफ्ट्समन तिला भुताची रेघ म्हणतात. म्हणजे चोराला काय बघायचं होतं ते उघड होतं. शीट खरवडलंय याची कुणकुण छायाला होती, पत्र वाचलेल्या विश्वस्तांना आणि ललितला होती. ते पक्कं ठाऊक असलेली या गोष्टीत आणखी एक बाई होती.

ती मी.

४

आता सांगूनच टाकते. १९८६च्या चौकशीसाठी ते शीट सरकारी नक्कल करायला माझ्या टेबलावर आलं होतं. मी सत्तावीस वर्षांची, कायम व्हायला चार महिने बाकी. शीट काचेच्या टेबलावर पसरलं, खालचा दिवा लावला आणि पोर्चच्या मधोमध मला खांब दिसला. दोन उभ्या रेघा, फिकट, पण सरळ. वर बोट फिरवलं. कागद तिथे गुळगुळीत होता, पण पातळ झालेला.

साहेबांना विचारायला उठले आणि परत बसले. अनुरेखकानं शाईची रेघ उतरवायची, सावली नाही, हे साहेबांचं वाक्य मला तोंडपाठ होतं. मी खांब सोडून बाकी सगळा नकाशा उतरवला, खाली 'मूळ बरहुकूम', म्हणजे मुळासारखंच, असं लिहिलं, सही केली. त्या नकलेवर फकिरा गांगुर्डे दोषी ठरले. मी चार महिन्यांनी कायम झाले.

एकोणचाळीस वर्षं त्या दोन रेघा मला दिसत आल्यात. पांढऱ्या भिंतीवर, धुतलेल्या चादरीवर, कुठेही. प्रतिष्ठानचं बोलावणं आलं तेव्हा मी नकाशांच्या प्रेमानं गेले नव्हते. एकदा ते शीट चारचौघांसमोर उजेडात धरायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा स्वार्थ होता.

शुक्रवारी संध्याकाळी सातपूरला गेले. छायानं दार उघडलं. "जय भीम, मॅडम. या." शाळेतून आलेली, खांद्यावरची पर्स अजून तशीच. ललितचा फोन तिला येऊन गेला होता.

"पोलीस शाळेत आले तर काय सांगू मी मुलांना?" ती म्हणाली. "बाबांना पण असंच कामावरून उठवून नेलं होतं. मी नऊ वर्षांची होते. डबा द्यायला गेले होते."

नवसाबाई खाटेवर बसून होत्या. जाड चष्मा, बारीक कुडी, मान ताठ. माझं सगळं ऐकून घेतलं, चोराचं सोडून मी दुसरं काही सांगितलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

"सापडंल का ते?" त्यांनी विचारलं.

"बघतेय."

"मंग ज्यानं खरवडलं त्यालाच विचारा. दुसऱ्या कुणाला काय पडलंय त्याचं?"

"ते दादांनी खरवडलं असणार. ते तर गेले."

नवसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हातारी माणसं लहान पोराकडे बघतात तसं. मग म्हणाल्या, "दादांचा हात जड व्हता. छायाचा बाप सांगायचा, सायबानं कधी खोडलं की कागदाला भोक पडायचं."

रिक्षात बसले तेव्हा कानात एकच आवाज होता. खर्र, खर्र. आणि दादा व्हरांड्यात.

५

शनिवारी साडेनऊला मी वर गेले. मृणालताई एकट्याच होत्या. मी आधी खाली जाऊन दादांचा फोटो सरळ करून आले होते.

"चोर फोटोला घाबरत नाही, मृणालताई," मी म्हणाले. "फोटोची लाज वाटते ती घरच्या माणसाला."

त्यांनी पदर सारखा केला.

"छाया शीट चोरू शकत नाही. वास आला तेव्हा ती खाली चहा पीत खोकत होती, सहादू साक्षीला आहे. सहादूला सगळं येतं, पण त्याला जिना चढवत नाही. तेजल शाई आत ठेवून गुंडाळते. ललितनं ट्रेसिंग हातात धरलंय का कधी? राहिलं कोण? गुरुवारी मी शीट उलगडलं तर तुम्ही कप उचलून खाली ठेवलेत आणि तळवे पुसलेत. गाणारी माणसं असं करत नाहीत. नकाशाच्या टेबलावर चहा ठेवला म्हणून ज्यानं कधी शिव्या खाल्ल्यात, तोच करतो."

"शिव्या नाही," मृणालताई म्हणाल्या. "फकिराकाका कधी शिव्या देत नसत. नुसते कपाकडे बघायचे."

त्या उठल्या. कोपऱ्यातल्या तानपुऱ्याची गवसणी सोडली आणि आतून एक गुंडाळी काढली. शाई बाहेर. तिच्यात दुसरा कागद होता, निळ्या रेघांची ताजी प्रत. त्यांनी ती टेबलावर पसरली.

सगळा पोर्च गडद निळा होता. मधोमध दोन फिकट उभ्या रेघा होत्या.

"सातपूरच्या जुन्या वर्कशॉपमध्ये अजून मिळतो हा कागद. मला बघायचं होतं, तो अजून दिसतो का." त्यांनी फिकट रेघेवर बोट ठेवलं. "दिसतो हो, प्रतिभाताई. अजून दिसतो."

मग त्यांनी सांगितलं. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. त्या दिवशी बाबा व्हरांड्यात बसून म्हणाले, फकिरानं नकाशात खांब काढलाय, बांधताना जागेवर मीच नको म्हटलं, पोर्च तरंगता दिसावा म्हणून. आता मी संपलो. मुलगी उठली आणि आतल्या खोलीत गेली.

"मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्धं ब्लेड, हलका हात, आणि शेवटी अंगठ्याच्या नखानं घोटायचं, म्हणजे कागद परत गुळगुळीत होतो. काकांनीच शिकवलेलं. इतकं सफाईदार काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं." त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या. "बाबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी कॉलेज सोडलं. तेहतीस वर्षं एका घरात राहिलो, त्या विषयावर अवाक्षर नाही. जाताना फक्त म्हणाले, नळी टाकू नकोस."

"जाळून टाकायचं होतंत."

"दोनदा गॅस पेटवला. नाही झालं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यातला निम्मा माझ्याच वाट्याचा होता. मी त्यांना काचेच्या टेबलाची गोष्ट सांगितली, 'मूळ बरहुकूम'सकट. त्यांनी ऐकता ऐकता शीट परत गुंडाळलं.

"अकराला बैठक आहे," त्या म्हणाल्या.

"बैठक थांबेल. आधी सातपूर."

खाली ललितनं विचारलं, तक्रारीचं काय करायचं. मृणालताई चालता चालता म्हणाल्या, "द्यायची असेल तर माझ्या नावानं दे."

६

छायानं आणि मी शीटची दोन-दोन टोकं धरली आणि ते खिडकीला लावलं. सकाळचं ऊन होतं. खांब लगेच उभा राहिला.

नवसाबाई खाटेवरून उतरल्या, चष्मा वर केला, कागदाला नाक लावून बघितलं. मग खांबाच्या जागी बोट फिरवलं.

"नखानं घोटलंय," त्या म्हणाल्या.

मृणालताई भिंतीला टेकल्या.

"त्यांना कळलं व्हतं. चौकशीत शीट दाखवलं त्याच दिवशी. घरी येऊन म्हनले, नवसा, हे मीच शिकवलंय तिला. अन् हसले. ते हसनं मला अजून सोसत नाय."

"मग बोलले का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाम्होरं बोलायचं? सायबाच्या लेकीचं नाव घ्यायचं अन् ऐकायला सायबाचेच दोस्त." त्या छायाकडे वळल्या. "तुला सांगितलं नाय. म्हनलं, पोर शाळंत जाते, राग घेऊन कुठं जाईल?"

छाया मृणालताईंकडे बघत होती. हातातलं कागदाचं टोक तिनं सोडलं नव्हतं.

"मी माफी मागायला..." मृणालताईंनी सुरुवात केली.

"माफी ऱ्हाऊ दे." नवसाबाईंनी शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक रेघांची एक चौकट होती. नकाशात काही बदललं तर तारीख, बदल आणि बदलणाऱ्याचं नाव तिथे लिहितात. चौकट एकोणचाळीस वर्षं कोरी होती. "छायाचा बाप म्हनायचा, चौकटीत लिहिल्याबिगर केलेला बदल म्हंजे चोरी. लिही इथं."

छायानं पाट आणला, पेन दिलं. मृणालताई फरशीवर बसल्या. तळवे पदराला पुसले. आणि ड्राफ्ट्समनच्या सरळ, सुट्या अक्षरात त्यांनी लिहिलं, सन, महिना, आणि पुढे, 'पोर्चचा मधला खांब खरवडला. मृणालिनी सायखेडकर.'

त्या उठायला लागल्या तसं मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. छायानं आश्चर्यानं बघितलं. नवसाबाईंनी बघितलं नाही, त्या बहुधा वाटच बघत असाव्यात. मी दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'खांब दिसला. उतरवला नाही. प्रतिभा कोठावदे, अनुरेखक.' एवढी वाकडी अक्षरं मी आयुष्यात काढली नव्हती.

"वाच," नवसाबाई म्हणाल्या.

छायानं दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या. दुसरी तिनं दोनदा वाचली. मग डोळे पुसून ती म्हणाली, "पुस्तकात हे शीट असंच छापायचं. आणि एका मजुराचा नाही, मालनबाईंचा मृत्यू म्हणायचं."

"हो," मृणालताई म्हणाल्या.

मी शीट आवरायला घेतलं. नवसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"उलटं गुंडाळता, बाई."

मी बघितलं. एकतीस वर्षं हेच काम केलेली मी, शाई आत घेऊन गुंडाळत होते.

"त्यांची रेघ हाय ना ती," नवसाबाई म्हणाल्या. "आत नका दाबू. बाहेर ठेवा."

मी शीट उलगडलं आणि पहिल्यापासून गुंडाळलं. रेघ बाहेर.